माहेरची काठवट

सासूच्या हातातलं भांडं हिसकावून घेणारी सून आमच्या भूम तालुक्यात अजून जन्मायची आहे. ती पाहायला मला विमानात बसून जावं लागलं.

मॉन्टेनेग्रो नावाच्या देशात पोचल्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. माझा धाकटा, बालाजी, आंघोळीला गेलेला. त्याची बायको दानी इस्त्री करत होती. रिकामं बसायची मला सवय नाही, म्हणून ओट्याखालचं कपाट उघडलं. आत फडक्याखाली झाकलेली लाकडी काठवट. आपल्याकडे भाकरीचं पीठ मळायला असते तशीच, जरा पसरट. फडकं काढलं तर आंबूस वास आला. तळाला पिवळट साय आणि कडेला पांढरी रेघ धरलेली. म्हटलं, नोकरी करणारी पोर, भांडं घासायचं राहून गेलं असेल. नळाखाली धरणार तेवढ्यात ती मागून आली आणि दोन्ही हातांनी ओढून घेतली.

"नाही आई. याला हात नाही लावायचा."

बास. का नाही, कशासाठी नाही, काही नाही. काठवट परत फडक्यात गुंडाळली, कपाटात ठेवली आणि लागली इस्त्रीला.

मी सोजरबाई हुंबे. दुसरीत शाळा सुटली, तिशीत नवरा गेला, तेव्हापासून खव्याची भट्टी एकटीनं चालवली. रोजचं दोनशे लिटर दूध या हातांनी आटवलंय. माझ्या थोरल्या दोन सुना घरात नांदतात. त्यांना मी उठता-बसता एकच सांगते, बायांनो, तोंड आवरा. त्या आवरत नाहीत ही गोष्ट वेगळी. पण माझ्या हातातलं भांडं ओढायची त्यांची छाती झाली नसती.

बालाजी आला तसं मी त्याला सुनावलं. तो डोकं पुसत म्हणाला, "आई, दानी कमी बोलते. मनात काही नसतं तिच्या."

"मनात नसेल रे. हातात आहे ना!"

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. तेव्हा त्यांच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि मी पहिल्यांदाच गेले होते. बालाजी आमच्या माळावरच्या पवनचक्क्यांवर काम शिकला आणि कंपनीनं त्याला तिकडच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या करायला धाडलं. तिथं त्याला ही मिळाली. नाव दानित्सा, माझ्या जिभेनं त्याचं दानी केलं. सरकारी खात्यात होती. बालाजीनं मराठी शिकवली होती, तीही पुस्तकासारखी, मोजून मापून, मीठ न घातलेली.

त्यांच्या फ्रीजवर एक मोठा तक्ता चिकटवलेला होता. चौकोनच चौकोन.

"हे काय रे, हजेरीपत्रक?"

"आई, हे दानीचं काम. तेहेतीस धडे आहेत. या देशाला युरोपच्या संघात जायचंय. त्यासाठी संघाचे जे कायदे आहेत तसेच कायदे इथं करावे लागतात. दूध, मासे, कोर्टकचेऱ्या, रस्ते, सगळ्याचे. एक धडा पुरा झाला की एक चौकोन हिरवा करायचा. कितीतरी वर्षं चाललंय हे."

मी मोजले. हिरवे तीन.

"इतक्या वर्षांत तीन? आमच्या गुरुजींनी नाव काढून टाकलं असतं."

दानी आतून म्हणाली, "बाकीचे अर्धे झाले आहेत, आई."

"अर्धी भाजलेली भाकरी कोण खातं?"

बालाजी समजवायला बसला. "असं बघ. गरीब घरची पोरगी मोठ्या घरात द्यायची आहे. त्या घराच्या रीती आधी शिकायच्या, मग उंबरा ओलांडायचा."

"म्हणजे अख्खा देशच सून?"

"तसंच समज."

"मग सासू कोण?"

तो हसायला लागला. "संघात देश अठ्ठावीस, म्हणजे सासवा अठ्ठावीस, आई."

मला त्या देशाची पहिल्यांदा कीव आली.

रविवारी आम्ही दानीच्या माहेरी गेलो. शहरापासून तीन तास, नुसता घाट. डोंगरात दगडी घर, सात गाई, कुंपणाला आलुबुखाऱ्याची झाडं, आणि दारात माझी विहीण स्ताना. दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढी उंच, काळा रुमाल बांधलेली, एकटी राहणारी. तिनं माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि माझे हात उलटे करून बघितले. तळव्यावर उलथन्याचा घट्टा आहे माझ्या, तीस वर्षांचा. तिनं आपला तळवा पुढं केला. तिथंही घट्टा. झाली ओळख.

जेवायला तिनं पांढरा गोळा वाढला. काइमाक म्हणतात. मी चाखला आणि बोट तोंडातच राहिलं. साय होती, पण नुसती साय नव्हे. खारट, आंबूस, आणि गिळल्यावर मागून लाकडाचा वास. तिनं मला कोठीत नेऊन दाखवलं. तापवलेलं दूध सहा काठवटींत ओतलेलं, वर बोटभर जाड साय. ती दिवसाआड काढायची, मीठ लावायचं आणि लोखंडी कड्यांच्या दोन लाकडी बुधल्यांत थरावर थर द्यायचे. शहराच्या शनिवारच्या बाजारात चाळीस वर्षं तिची जागा ठरलेली होती. लोक बुधल्यावरून तिला ओळखायचे.

परत ताटावर बसलो तेव्हा विहीणबाईनं एक कागद दानीच्या पुढ्यात सरकवला. पुढचं बोलणं बालाजी माझ्या कानात मराठीत सांगत होता.

"हे काय आलंय?"

दानीनं वाचलं. "तपासनीस येणार आहे. या गुरुवारी नाही, पुढच्या. नव्या नियमांप्रमाणे बघणार."

"काठवटी बघणार?"

"बघणार."

"लाकूड चालत नाही म्हणे आता. स्टील आणा म्हणतात. आणि स्टीलमध्ये होतो तो काइमाक नव्हे, चुना!" विहीणबाईनं चमचा आपटला. "तपासात पडले तर नवीन वर्षापासून बाजार बंद. तुझंच खातं आहे ना? एक फोन कर. सांग, ही माझी आई आहे."

"म्हणूनच करणार नाही."

"मग मी काय करू?"

"काही करू नकोस. आहे तसं राहू दे. काठवटींना हात लावू नकोस." एवढं बोलून बाई बटाटा खायला लागली.

माझ्यानं राहवलं नाही. "अगं, आई आहे ती तुझी! दारात येऊन उभ्या राहिलेल्या पाहुण्यासाठीसुद्धा माणूस चार शब्द टाकतं. अठ्ठावीस सासवांची मर्जी राखायला आईचं घर बुडवणार होय?"

दानी माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता बोलेल.

"बटाटे गार होत आहेत, आई," ती म्हणाली.

संध्याकाळी ती दोघं निघाली तशी मी बॅग गाडीतून उतरवली. "तुम्ही जा तुमच्या तक्त्याकडं. लेकीला सवड नसली तर विहीण आहे इथं."

सोमवारी विहीणबाई वरच्या कुरणात गवत कापायला गेली. जेवणाचं गाठोडं घेऊन गेली, म्हणजे दिवसभराची निश्चिंती. मी पदर खोचला.

मला सरकारी साहेब चांगले ठाऊक आहेत. आमच्या भट्टीला परवाना घ्यायची वेळ आली तेव्हा असाच एक साहेब आला होता. फरश्या बसवा, नळ बसवा, काळी कढई काढा. मी सगळं केलं आणि त्याच्या पुढ्यात चकचकीत भट्टी उभी केली. त्यानं कपाळाला आठीसुद्धा न घालता सही केली. साहेब कुठलाही असो, त्याला चकाकी लागते. लाकूड तर लाकूड, पण असं घासू की त्याला तोंड दिसलं पाहिजे.

बुधले शनिवारच्या बाजारात रिकामे झालेले, काठवटींतलं दूध आणि साय सकाळीच गिऱ्हाईक घेऊन गेलेलं. पाणी उकळलं. धुण्याचा सोडा सापडला, साबणाची वडी सापडली, घोड्याच्या खराऱ्यासारखा ब्रश सापडला. सहाच्या सहा काठवटी आणि दोन्ही बुधले मी असे घासले की पाणी तपकिरी व्हायचं थांबेपर्यंत हात थांबवला नाही. मग उन्हात ओळीनं मांडले. सुताराकडून आत्ताच आणलेत असं वाटत होतं. कंबर मोडली, पण मनात म्हटलं, ये म्हणावं दानीला. बघ म्हणावं, आईसाठी काय करतात.

ऊन कलताना विहीणबाई आली. अंगणात थबकली. एक काठवट उचलली, नाकाला लावली.

"सापून?" ती म्हणाली.

तिचा आणि माझा सारखा असलेला हा एकच शब्द. मी खूश झाले. "हो, हो, साबण! आणि सोडासुद्धा!"

ती पायरीवर बसली. काठवट मांडीवर घेतली आणि तिच्या बुडावरून हात फिरवत राहिली, तान्ह्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. ओरडली असती तर मला कळलं असतं, दोन शिव्या मीही दिल्या असत्या. पण ती उठून आत गेली आणि गाईंच्या धारा काढायला लागली.

त्या दिवशीचं दूध तिनं काठवटींत ओतलं. मंगळवारी साय आली ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी, बोट लावलं की फाटणारी. वासाला साबण. ते डुकरांच्या डोणीत गेलं. बुधवारी आली ती बुळबुळीत, निळसर. तीही डोणीत. ओतताना ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी दुधातली बाई, मला तीन दिवस लागले! तिच्या घरात विरजणाचं भांडं कुठं दिसलं नव्हतं, कारण विरजण वेगळं नव्हतंच. ते लाकडात मुरलेलं होतं. सासूच्या सासूपासून, दुधावर दूध, त्या लाकडाच्या अंगात बसलेलं. गरम ताकाच्या पाण्यानं विसळायचं, एवढंच त्याचं धुणं. आणि मी चार पिढ्यांचं विरजण सोडा घालून मोरीत सोडलं होतं.

माझ्या लग्नात आईनं एका लोटीत आमच्या घरचं विरजण बांधून दिलं होतं. आमच्यात रीत आहे ती, लेकीबरोबर विरजण द्यायचं. सासूनं पहिल्याच सकाळी लोटी मोरीत उपडी केली. म्हणाली, "आमच्या घरात आमचं विरजण आहे." एका लोटीसाठी मी तीन दिवस रडले होते. त्या सासूला मी अजून मनातून माफ केलेलं नाही. आणि आता मी काय केलं होतं?

मी फोन लावला.

"बाल्या, दानीला दे."

"काय झालं, आई?"

"दानीला दे म्हटलं ना!"

तिचा आवाज आला. "बोला, आई."

"दानी, मी तुझ्या आईच्या काठवटी साबणानं धुतल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"बुधले?"

"तेपण."

मला वाटत होतं, हिनं एक सणसणीत शिवी हासडावी, मला बरं वाटेल.

"उद्या येते," एवढंच म्हणाली.

गुरुवारी दुपारी तिची गाडी वर आली. ती एकटीच होती. नाही, एकटी नव्हती. शेजारच्या सीटवर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि त्याला माणसाला बांधतात तसा गाडीचा पट्टा बांधलेला होता. तिनं पट्टा सोडला, फडकं काढलं. तीच काठवट. माझ्या हातातून ओढलेली.

विहीणबाईनं बघितली आणि तोंडावर हात घेतला. दोघींचं बोलणं झालं. मग दानीनंच मला मराठीत सांगितलं, "लग्नात आईनं दिली होती ही. तिला वाटलं, मी फेकली असेल."

"आणि तू?"

"दर आठवड्याला दूध घालते."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

विहीणबाईनं लेकीच्या डोक्यात एक टपली मारली आणि मग त्याच डोक्याला छातीशी धरून रडली. मी बाजूला उभी. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला राग येतो.

"मग त्या दिवशी ओट्यापाशी सांगायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप होतं?"

दानीनं विचार केला. "तुम्ही विचारलं नाही, आई. तुम्ही ओरडलात."

खोटं काय होतं त्यात?

पण चहासुद्धा न घेता ती निघाली. म्हणाली, "आता तपासणी होईपर्यंत मला इथं यायचं नाही. फोनही करू नका." म्हणजे परत तेच! काठवट ठेवली, धूळ उडवली, गेली. माझं मन नुकतं विरघळत होतं, ते पुन्हा थिजलं.

हातात सहाच दिवस होते.

ते सहा दिवस मी जन्मात विसरणार नाही. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. भांडण मात्र आम्हाला पहिल्या तासापासून नीट जमलं. दानीच्या काठवटीतली साय घ्यायची, कोमट ताकाच्या पाण्यात कालवायची, बाकीच्या सहा काठवटींच्या अंगाला चोळायची. मग दूध. मग ते ओतून टाकायचं आणि परत चोळायचं. ती म्हणायची, वर मेंढीचं कातडं पांघरा. मी म्हणायची, चुलीजवळ ठेवा. तिनं माझ्या हातावर पळी मारली. मी तिच्या हातावर मारली. शेवटी तीन काठवटी कातड्याखाली गेल्या आणि तीन चुलीपाशी. डुकरं सुटली, बाकी कोणाचं भलं होताना दिसेना.

शनिवारी वास गेला. रविवारी साय फाटायची थांबली. सोमवारी चुलीजवळच्या तिन्ही काठवटींवर पहिली खरी साय धरली. मी कमरेवर हात ठेवून अशी उभी राहिले की भाषेची गरजच नव्हती. विहीणबाई नाक मुरडत कातड्याखालच्या तीन उचलून चुलीजवळ आणायला लागली, तर त्यांच्यावर माझ्यापेक्षा जाड साय! ती खाली बसून हसली. हसता हसता तिचा रुमाल सुटला. मग तिनं आलुबुखाऱ्याची दारू काढली. मी माळकरी घरातली, पण औषध म्हणून टोपणभर घेतली. दुसरं टोपण कशाचं औषध होतं ते आठवत नाही. तिनं त्यांच्यातलं एक गाणं म्हटलं, मी जात्यावरच्या चार ओव्या म्हटल्या, आणि गाई दाराकडे माना वळवून बघत राहिल्या.

बुधवारी दोन्ही बुधल्यांत थर लागले होते. मी चाखला. खारट, आंबूस, आणि मागून लाकूड. अगदी पहिल्याइतकं खोल नाही, पण होतं.

गुरुवारी तपासनीस आला. तरुण, लांबोडका माणूस, बुटांवर निळ्या पिशव्या चढवलेला, हातात डबा. त्याच्या पाठोपाठ दानीची गाडी आली, पण खाली कुंपणापाशीच थांबली. बालाजी उतरला आणि मला सगळं कळावं म्हणून वर आला. ती उतरली नाही. काच वर करून बसून राहिली.

"ती का येत नाही?" मी विचारलं.

"आई, आत्ता नको."

आईची परीक्षा, आणि लेक काचेमागं! मी दात आवळले.

तपासनिसानं दुधाचा कस मोजायचा काटा दुधात बुडवला, भिंती बघितल्या, पाण्याची बाटली भरली. मग काठवटींपाशी आला. विहीणबाई त्यांच्या पुढं अशी उभी राहिली की आधी मला पाडा.

"हे लाकूड आहे," तो म्हणाला.

"लाकूड आहे."

"किती जुनं?"

"सासूच्या सासूचं."

त्यानं डब्यातून एक कागद काढला. मला वाटलं, संपलं. विहीणबाईनं माझा हात धरला. काय पकड होती बाईची!

"कालच राजपत्रात आलंय," तो वाचायला लागला, आणि बालाजी माझ्यासाठी सांगायला लागला. डोंगरातले जे पदार्थ पिढ्यानपिढ्या लाकडी भांड्यात होतात, त्यांना लाकडाची सूट. अटी दोन. नमुना प्रयोगशाळेत उतरला पाहिजे. आणि घरच्या बाईनं पद्धत तोंडानं सांगून लिहवून दिली पाहिजे, भांडं धुण्यासकट.

विहीणबाईला काही क्षण कळलंच नाही. मग तिनं त्याला कागद पुन्हा वाचायला लावला. मग तिसऱ्यांदा. मग खुर्ची ओढून दिली आणि जी सुरू झाली, ती बुधल्यांच्या कड्यांपर्यंत सांगूनच थांबली. तो बिचारा लिहून लिहून बोटं झटकत होता.

"आणि काठवटी धुता कशा?" त्यानं विचारलं.

विहीणबाईनं सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत सगळी कुरापत.

"बाल्या," मी म्हटलं, "त्याला सांग, हे मी सांगणार. साबण लावला तर पहिल्या दिवशी काय होतं, दुसऱ्या दिवशी काय होतं, आणि परत वळणावर आणायला किती दिवस लागतात, हे या डोंगरावर माझ्याइतकं कोणाला माहीत नाही."

त्यानं लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं, वार घालून. त्या देशाच्या सरकारी दप्तरात सोजरबाई हुंबे, मुक्काम भूम, असं नाव आहे. विहीणबाई हसून हसून भिंतीला टेकली होती.

जाताना मी विचारायला लावलं, "ही लाकडाची ओळ घातली कोणी? त्या अठ्ठावीस जणींना पटली कशी?"

तो नमुन्याच्या बाटल्या डब्यात लावत होता. "राजधानीत कोणी बाई आहे म्हणे. नाव नाही माहीत. दोन वर्षं डोंगरातल्या घराघरातून काइमाक गोळा करून तपासत होती. तीनशे घरं. स्वतःच्या घरचीसुद्धा एक काठवट दर महिन्याला तपासायला पाठवायची म्हणतात. संघाचे लोक एक शंका काढायचे, ही दहा कागद धाडायची. आमचे साहेब तिच्या पत्रांना वैतागले होते." तो हसला. "पण त्यांच्या कायद्यात अशी सवलत मागता येते, हे तिनंच शोधून काढलं. आमच्यातल्या कोणी ते पान उलटलंसुद्धा नव्हतं."

मी बालाजीकडे बघितलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"बाल्या, तुला ठाऊक होतं."

"तिनं शपथ घातली होती, आई. छापून यायच्या आधी कोणाला कळलं असतं की हिची आईच काठवटवाली आहे, तर म्हणाले असते, बाईनं आईसाठी कायदा केला. ओळच खोडली असती. तिनं एक फोन केला असता तर आईचं घर वाचलं असतं, आणि बाकीची तीनशे गेली असती."

मला त्या दिवशीचा तिचा लाल चेहरा आठवला. आणि तिनं मोजून बोललेली दोन वाक्यं. आहे तसं राहू दे. काठवटींना हात लावू नकोस. बाईनं सांगायचं ते सांगितलं होतं. ऐकलं नव्हतं ते मीच.

नमुने उतरल्याचं पत्र तीन आठवड्यांनी आलं, तोवर मी भूमला परतले होते. स्तानाबाई अजून शनिवारच्या बाजारात बसते, आणि तक्त्यावर हिरवे चौकोन किती झाले ते बालाजी मला फोनवर सांगत असतो. पण माझा निकाल मी त्याच दुपारी दिला.

तपासनिसाची गाडी वळणाआड गेली तशी मी उतारावरून खाली निघाले. मागून विहीणबाई ताटात काइमाक आणि गरम भाकर घेऊन येत होती, वाटेत सांडत. दानी काचेमागं बसलेली, मांडीवर कागद, वाचत काही नव्हती. मी काचेवर बांगड्या वाजवल्या. तिनं काच खाली केली.

"झालं?" तिनं विचारलं.

मी खिडकीत कोपर टेकलं.

"दानी, ऐक. जन्मभर सुनांना मी एकच सांगत आले, बायांनो, तोंड आवरा. थोरल्या दोघी त्यात नापास. तू तेवढी पहिल्या नंबरानं पास झालीस, आणि त्यापायी माझ्या हातून सहा काठवटी धुतल्या गेल्या. तुझ्या देशाला त्या अठ्ठावीस सासवा घरात घेतील तेव्हा घेतील. ही एक सासू तुला आज घेते, माहेरच्या काठवटीसकट. आता उतर खाली, आई ताट घेऊन उभी आहे तुझी. आणि इथून पुढं बोलत जा गं बाई, बोलत जा!"